दोन दिरहमची कुऱ्हाड आणि गिरणगावच्या अन्नपूर्णा

रमजानचा महिना दहा-दहा दिवसांच्या तीन भागांत मोजतात. प्रत्येक भागाला अशरा म्हणतात. दुसरा अशरा संपत आला की आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांमध्ये रेशन किटचे टेम्पो फिरू लागतात. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर, खजूर, शेवया. कोणी मशिदीच्या कमिटीमार्फत वाटतं, कोणी दारोदार जाऊन. यातला बराच पैसा जकातीचा असतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने तिच्यातले शेकडा अडीच गरजूंसाठी बाजूला काढायचे, हा तो दंडक. ती भीक नाही, श्रीमंताच्या मालात असलेला गरिबाचा हक्क आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

किट वाटणाऱ्यांच्या नियतीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. रोजेदाराच्या घरी चूल पेटलीच पाहिजे. पण एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात आली असेल. मागच्या वर्षीच्या यादीत जी नावं होती, जवळपास तीच यंदाही आहेत. त्याच्या आधीच्या वर्षीही तीच होती. ईद झाली, शव्वालचा चंद्र जुना झाला, की किटमधलं पीठ संपतं आणि ते घर पुन्हा पहिल्या जागी येतं. वर्षानुवर्षं हक्काचा पैसा ज्या घरात जातो, ते घर यादीतून बाहेर का पडत नाही?

या प्रश्नाचं उत्तर हदीसमधल्या एका प्रसंगात आहे. मौलवी मंडळी तो अनेकदा सांगतात. इतर धर्मांच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

मदीनेतला एक गरीब माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. घरात काय आहे, असं त्यांनी विचारलं. एक जाड कापड होतं, त्यातलं अर्धं पांघरायचं आणि अर्धं अंथरायचं. पाणी प्यायला एक लाकडी वाडगा होता. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि तिथेच लिलाव पुकारला. कोणी एक दिरहम म्हणालं. त्यांनी आणखी कोण जास्त देतो, असं विचारलं, तेव्हा दोन दिरहम आले. एका दिरहमचं धान्य घरी नेऊन द्यायला सांगितलं आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला. कुऱ्हाड आली, तेव्हा तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. जंगलात जा, लाकडं तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस, असं बजावलं. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. त्यातून त्याने कपडे घेतले, धान्य घेतलं.

या छोट्या प्रसंगात रोजगाराची अख्खी योजना आहे. आजची भूक आधी भागवली. मग अवजार दिलं. अवजार वापरण्याजोगं करून दिलं. कामाला मुदत दिली. आणि मुदतीनंतर हिशेब पाहिला. यातलं पहिलं पाऊल आपण चोख उचलतो. पुढची चार बहुधा राहून जातात.

ही पुढची पावलं एखाद्या वस्तीने संघटित होऊन उचलली तर काय घडतं, याचा मराठी मुलखातला एक ठसठशीत दाखला म्हणजे मुंबईच्या गिरणगावातलं अन्नपूर्णा महिला मंडळ. त्याचा इतिहास आपल्या भागाला परका नाही. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळची कितीतरी कुटुंबं कल्याणच्या पुढे, अंबरनाथ-बदलापूरला येऊन राहिली. त्यातल्या अनेकांच्या आजीने कधीकाळी खानावळ चालवली असेल.

खानावळवालीचं अर्थशास्त्र

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले लाखो पुरुष काम करत. विणाई खात्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकरही मोठ्या संख्येने होते. मदनपुरा ही त्यांची वस्ती. बायकामुलं गावी आणि हे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्या पोटाची सोय खानावळ करायची. आपल्या शेजारच्या भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या अशाच खानावळीला भिसी म्हणतात. नाव वेगळं, सोय तीच.

खानावळ चालवणारी बाई बहुतेक वेळा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असायची. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. पुढे बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, रात्रपाळीवर बंदी आली, यंत्रं बदलली, आणि मालकांनी बायकांना घेणं कमी करत नेलं. गिरणीचं दार बंद झालेल्या बाईला घरातल्या चुलीचा आधार उरला. दहा-पंधरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, पाळीच्या वेळेप्रमाणे डबे, भांडी, पाणी भरणं. पहाटे सुरू झालेला दिवस दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री जेवून गेला की संपायचा.

तरी हातात काही उरत नसे. त्याचं कारण हिशेबात होतं. जेवणारे पैसे देत महिन्याला, पगार झाल्यावर. धान्य, तेल, रॉकेल मात्र रोज लागायचं. ते वाण्याकडून उधारीवर यायचं, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. वाण्याने हात आखडला की सावकार. तिथे मंगळसूत्र किंवा भांडी गहाण पडायची आणि व्याज भरमसाट. महिनाअखेरीला आलेला पैसा सरळ वाणी आणि सावकाराकडे जायचा. बाईकडे कसब होतं, गिऱ्हाईक होतं, मेहनतीची तयारी होती. महिनाभराचं भांडवल तेवढं नव्हतं, आणि त्या एका उणिवेपायी सगळी कमाई दुसऱ्याच्या घरात जात होती.

शिवाय सरकारच्या लेखी ती कामगार नव्हती. घरात स्वयंपाक करणारी बाई, एवढीच तिची नोंद. संप झाला की मात्र तिची खरी किंमत कळायची. संपाच्या काळात पगार बंद, तरी खानावळीतलं ताट बंद होत नसे. १९७३-७४ च्या गिरणी संपातही संपकरी कामगार या बायकांच्या उधारीवर जेवले. संप संपला, कामगार कामावर गेले, आणि बायका वाढलेल्या कर्जासह चुलीपाशी राहिल्या.

चौदा बायका आणि बँकेचा उंबरठा

ही गोष्ट नेमकी दिसली प्रेमा पुरव यांना. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात त्या तरुणपणीच उतरल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. संप टिकवणाऱ्या बायकांच्या नावाची नोंद कुठेच नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. म्हणजे घरातच एका बाजूला खानावळवालीचा हिशेब होता आणि दुसऱ्या बाजूला बँकेच्या कारभाराची माहिती.

काळही अनुकूल होता. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली होती. कागदावर दार उघडं होतं, पण झोपडीतली बाई त्या दारापर्यंत जाणार कशी? तिच्याकडे तारण नाही, जामीन नाही, अनेकींना सही येत नाही.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि १४ खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळालं. तारणाच्या जागी ठेवली ती एकमेकींची जबाबदारी. एकाच चाळीतल्या, एकाच गल्लीतल्या बायकांचा गट करायचा, एकीसाठी बाकीच्यांनी शब्द द्यायचा. कोण कष्टाळू, कोणाचा नवरा पैसे काढून घेतो, कोणाकडे किती माणसं जेवतात, ही माहिती बँकेच्या साहेबाला मिळणार नव्हती. शेजारणीला ती तोंडपाठ होती.

हप्ते वेळेवर गेले. वाणी रोखीने स्वस्त द्यायला लागला. सावकाराकडचे दागिने सुटू लागले. चौदाच्या शेकडो झाल्या आणि शेकड्यांच्या हजारो. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोबरा गावात छोट्या कर्जाचा प्रयोग सुरू केला १९७६ मध्ये, आणि त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली १९८३ मध्ये. जगभर नाव त्या बँकेचं झालं, पण आपल्या गिरणगावातल्या बायका त्याच्या वर्षभर आधी बँकेचा उंबरठा ओलांडून गेल्या होत्या.

त्या काळात हे बीज आणखी काही ठिकाणी रुजत होतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सेवा ही संघटना आणि १९७४ मध्ये बायकांची स्वतःची बँक उभी केली. आपल्या राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आज बचत गटांच्या बायका ज्याला माविम म्हणून ओळखतात, तेही फेब्रुवारी १९७५ चं. अन्नपूर्णाचं वेगळेपण असं की तिथे नवा धंदा शोधावा लागला नाही. बाई जे काम आधीपासून करत होती, त्यालाच काम म्हणून मान्यता दिली आणि त्याच्याभोवती संस्था बांधली.

चुलीपासून कॅन्टीनपर्यंत

नुसत्या कर्जावर हे टिकलं नसतं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कित्येकांना परत गिरणीत जाताच आलं नाही. जेवणारेच गावी निघून गेले. खानावळवालीच्या धंद्याचा पायाच खचला.

इथे प्रशिक्षणाचं मोल कळतं. वीस माणसांना घरच्यासारखं जेवण करणं वेगळं आणि दोनशे जणांच्या कार्यालयाला ठरल्या वेळी, ठरल्या चवीचं, ठरल्या दरात जेवण पुरवणं वेगळं. त्यासाठी मापं लागतात, स्वच्छतेचे नियम लागतात, खरेदीचा अंदाज लागतो, बिल करावं लागतं, उशीर झाला तर फोनवर उत्तर द्यावं लागतं. अन्नपूर्णाने खानपानाची कामं घेतली आणि बायकांना या कामांसाठी तयार केलं. नवी मुंबईत वाशीला केंद्र उभं राहिलं, तिथे प्रशिक्षण आणि नोकरदार महिलांसाठी वसतिगृह सुरू झालं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बायकांना कायद्याची मदत आणि आसराही मंडळाच्या कामात आला, कारण पैसा हातात आलेल्या बाईच्या घरात भांडणंही वाढतात, हे कार्यकर्त्यांना दिसत होतं.

प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये हेच काम पुढे नेलं. त्या अन्नपूर्णा परिवारात कर्जासोबत बचत आली आणि आजारपणासाठी सभासदांचा परस्पर साहाय्य निधीही आला. बाईचा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या दुखण्याने, हा अनुभव त्यामागे होता.

आता ही गोष्ट मदीनेतल्या त्या कुऱ्हाडीशेजारी ठेवून पाहा. बाईला सावकारातून सोडवलं. भांडवलाचं अवजार दिलं. प्रशिक्षणाचा दांडा बसवून दिला. गटाने तिच्या हप्त्याचा हिशेब ठेवला. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताईंच्या डोळ्यांसमोर हदीस असण्याचं कारण नाही. चांगल्या कामाची वाट अनेक दिशांनी एकाच जागी पोहोचते, एवढंच.

बारवीच्या पाण्यावर जगणारी गावं

आता आपल्या दाराशी येऊ. इफ्तारला आपण ज्या पाण्याचा पहिला घोट घेतो, ते बारवी धरणाचं असण्याची शक्यता मोठी आहे. एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधलेलं हे धरण मुख्यतः कारखान्यांसाठी होतं. पुढे जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन हेच पाणी शहरांकडेही वळलं. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. तहान वाढली ती शहरांची, पाण्याखाली गेली ती मुरबाड-अंबरनाथ तालुक्यांतली घरं आणि शेतं.

शेवटच्या टप्प्यातल्या विस्थापितांसाठी एक चांगलं तत्त्व मान्य झालं. ज्या महापालिका-नगरपालिका बारवीचं पाणी घेतात, त्यांनी या कुटुंबांतल्या एकाला नोकरी द्यायची. पाणी पिणाऱ्याने पाणी देणाऱ्याचं देणं फेडायचं, असा त्याचा अर्थ. त्यासाठी लोकांना बरीच वर्षं झगडावं लागलं. पण नोकरी घरटी एक. त्या घरातल्या दुसऱ्या भावाचं काय? सुनेचं, लेकीचं काय? शेती आणि रान त्यांना येत होतं. शहरातल्या बाजारात चालेल असं दुसरं कसब त्यांच्या हाती कोण देणार?

खरं तर आपला सगळा पट्टाच मुळं उपटलेल्या माणसांनी वसवला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्या घरांतल्या बायकांचे पापड-लोणचं आणि पुरुषांची छोटी दुकानं यांवर एक बाजारपेठ उभी राहिली. मग गिरण्यांतून बेकार झालेली कुटुंबं आली. उत्तर प्रदेश-बिहारमधून, मराठवाड्यातून कामाला आलेली तरुण मुलं आली. आणि आता बारवीकाठची माणसं आहेत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, अडचण एकच: हातात कसब असेल तर भांडवल नाही, भांडवल मिळालं तर गिऱ्हाईक माहीत नाही.

संधी तर समोर आहे. अंबरनाथ, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत एकट्याने राहणारे हजारो कामगार आज बाहेरचं खातात. त्यांना डबा हवा आहे. रमजानमध्ये त्यातल्या रोजेदारांना सहेरीचा डबा पहाटे चारच्या आत हवा असतो. माझ्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या फीचे पैसे आईच्या डब्यांतून येतात. त्या आईला मोठा कुकर, डबे आणि महिन्याभराचं धान्य रोखीने घेण्याइतकी रक्कम मिळाली, तर ती शेजारच्या दोघींना हाताशी घेऊ शकते.

या वर्षी काय करता येईल

मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. एका मोहल्ल्याने, एका मंडळाने ठरवलं तरी पुरे.

किट द्यावंच. पण यादी करताना नावासोबत आणखी एक रकाना ठेवावा: या घरात कोणाला काय येतं? शिवण, मेंदी, स्वयंपाक, वायरिंग, प्लंबिंग, गवंडीकाम. दहा घरांपैकी दोन-तीन घरं अशी निघतील, जिथे कुऱ्हाड दिली तर चालेल. दरवर्षी तेवढीच घरं घ्यावीत, पण नीट घ्यावीत.

जकातीचा पैसा घेणाऱ्याच्या मालकीचा व्हावा लागतो, असं बहुतेक उलेमा सांगतात. म्हणून शिलाई मशीन कमिटीच्या नावावर ठेवून बाईला वापरायला देण्यापेक्षा ते तिच्या नावावर करावं. बिलही तिच्याच नावाचं. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या खानावळवालीला सोडवणं या रकान्यात चपखल बसतं. ज्याला फेडायची ऐपत आहे त्याला कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसनवार, देता येते. आणि सदका, इमदाद, उसनवार यांना धर्माची अट नाही. जकातीचे नियम वेगळे असले, तरी वस्तीतल्या प्रत्येक गरजू घरापर्यंत जाण्याची वाट मोकळी आहे.

प्रशिक्षण आपण स्वतः उभारायला हवं असं नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरमध्ये सरकारी आयटीआय आहेत. प्रवेशाची तारीख, लागणारे दाखले, फॉर्म भरणं, एवढ्यावरच आपली मुलं अडकतात. मशिदीच्या, मंदिराच्या किंवा दरबारच्या ओट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ कोणी शिकलेला माणूस बसला, तर तेही दांडा बसवण्याचंच काम. घरून जेवण विकणाऱ्या बाईला अन्न परवान्याची साधी नोंदणी नाममात्र फीमध्ये करता येते. ती झाली की कारखान्याच्या कॅन्टीनवाल्याशी ती ताठ मानेने बोलू शकते.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: पंधरा दिवसांनी विचारायला जाणं. मशीन चालतं का, धागा कुठून घेते, पैसे कोण बुडवतं, आजारपण आलं का. फोटो काढण्यासाठी नाही, अडलेलं सोडवण्यासाठी. गिरणगावातल्या बायकांनी एकमेकींचा हिशेब पन्नास वर्षांपूर्वी याच रीतीने ठेवला होता, हातात मोबाइल नसताना.

पुढच्या रमजानला यादी पुन्हा निघेल. तेव्हा किती किटं वाटली, हे जरूर मोजावं. पण त्याआधी मोजावं की यंदाच्या यादीतली किती नावं कमी झाली, आणि त्यातलं एखादं नाव देणाऱ्यांच्या यादीत आलं का. एक जरी आलं, तरी आपल्या दोन दिरहमपैकी एक योग्य जागी गेला असं म्हणता येईल.